घरी काडतुसं भरणं (प्रोग्रेसिव्ह प्रेस): तिकडची पद्धत, आणि इथल्यांना कळकळीची विनंती

सुरूची बाग (धागाकर्ता)

ॲरिझोनात नोकरीला होतो तेव्हा क्लबात पिस्तुलाचे सामने खेळायचो आणि त्यासाठी लागणारी काडतुसं घरीच प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (एका ओढीत सगळे टप्पे करणाऱ्या, हाताने चालवायच्या यंत्रावर) भरायचो. आता कायमचा वेंगुर्ल्याला आलोय. इथे शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना असलेले बरेच जण ओळखीचे आहेत. रानडुकरं भात लोळवतात, माकडं नारळ-काजू ठेवत नाहीत, आणि काडतूस वेळेवर मिळत नाही ही त्यांची रड खरी आहे. त्यातले काही जण हल्ली व्हिडिओ बघून विचारतात, "तुमच्याकडे होतं तसलं मशीन मागवता येईल काय?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो.

सुरुवातीलाच सांगतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, भरून विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे तसं नाही. कायद्याचं नेमकं कोणी जाणकाराने लिहावं. दुसरं, पावडर किती घालायची याचा एकही आकडा मी इथे देणार नाही. तो पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचा असतो, धाग्यावरून नाही.

आता प्रेसबद्दल. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी खोळ, बुडाशी प्रायमर (पिन आपटली की ठिणगी पाडणारी छोटी टोपी), आत पावडर, तोंडाला गोळी. बार झाल्यावर गोळी आणि पावडर जाते, प्रायमर फुकट होतो, खोळ मात्र उरते. चौघांत महाग तीच, आणि नीट वापरली तर पुन्हा पुन्हा भरता येते. या धंद्याचा सगळा जीव त्या खोळीत आहे.

साध्या, म्हणजे सिंगल-स्टेज प्रेसवर एका वेळी एकच काम होतं. शंभर खोळी घ्या, सगळ्यांचा जुना प्रायमर काढा, मग डाय (प्रेसमध्ये बसणारा, ते ते काम करणारा साचा) बदला, पुढचं काम करा. प्रोग्रेसिव्हमध्ये खाली एक गोल तबकडी असते आणि वर तीन-चार-पाच डाय. रहाटाच्या माळेतलं एक गाडगं भरत असतं तेव्हा दुसरं रिकामं होत असतं, तसं तबकडीवरची प्रत्येक खोळ वेगळ्या टप्प्यावर असते. पहिल्या जागी जुना प्रायमर निघतो आणि फुगलेली खोळ मापात येते. हँडल वर नेताना नवीन प्रायमर बसतो. पुढच्या जागी तोंड किंचित उमलतं आणि पावडर पडते. मग गोळी बसते, शेवटी तोंड आवळलं जातं. तबकडी एकदा भरली की हँडलच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस डब्यात पडतं. चांगला सराव असलेला माणूस तासाला 400-500 सहज काढतो. सिंगल-स्टेजवर तेवढ्याच वेळात शंभरच्या आसपास.

लोकांना भुरळ पडते ती या वेगाची, आणि मला लिहायचंय ते त्याच्याबद्दलच. मशीन सगळं करतं, पण खोळीत पावडर किती पडली हे ते बघत नाही. पावडरीचा माप वजनाने नाही, आकारमानाने पडतो. डब्यातली पावडर संपत आली, कुठे अडकली, धक्का बसला, की माप चुकतं. पावडर पडलीच नाही तर नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकते. मागून दुसरी गोळी मारली की नळी फुगते किंवा फुटते. दोनदा पडली तर पिस्तूलच हातात फुटतं.

.38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं बघा. हे काडतूस 1898 चं, पहिल्यांदा काळ्या दारूसाठी बनलेलं, म्हणून खोळ लांबलचक. आजची जलद जळणारी धूरविरहित पावडर निशाणेबाजीच्या हलक्या भरणीला अगदी थोडी लागते. दोनदा पडली तरी खोळ ओसंडत नाही, वर गोळी आरामात बसते, आणि बाहेरून ते काडतूस बाकीच्यांसारखंच दिसतं. अमेरिकन मानकाप्रमाणे .38 स्पेशलचा कमाल दाब 17,000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), 9 मिमीचा 35,000. त्या मर्यादेच्या किती पलीकडे आपण गेलो हे बार होईपर्यंत कळत नाही.

म्हणून माझी बैठक अशी होती. दिवा प्रेसच्या मागे नाही, वर, थेट खोळीच्या तोंडात उजेड पडेल असा. हँडल ओढायचं, थांबायचं, पावडर पडलेल्या खोळीत डोकावायचं, पावडरीची पातळी दिसली की मगच गोळी ठेवायची. हे प्रत्येक खोळीला. अधूनमधून एक खोळ काढून पावडर काट्यावर तोलायची. टेबलावर एका वेळी एकाच पावडरीचा डबा. काम संपलं की मशीनमधली उरलेली पावडर लगेच मूळ डब्यात परत, कारण दुसऱ्या दिवशी ती कुठली हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. आणि भरताना फोन, टीव्ही, गप्पा काही नाही.

---

देवगड हापूस

छान लिहिलंय, पण मुद्द्याचं विचारतो. पैसे वाचतात का?

सुरूची बाग

@देवगड हापूस, प्रत्येक काडतुसामागे वाचतात, विशेषतः .32 एस अँड डब्ल्यू लाँगसारखी दुकानात महाग असलेली काडतुसं असतील तर. पण स्वस्त पडतात म्हणून माणूस जास्त मारतो, त्यामुळे महिन्याचा खर्च तेवढाच राहतो. शिवाय प्रेस, डाय, काटा, खोळी घासायचं यंत्र ही सुरुवातीची गुंतवणूक. आणि प्रायमर हा असा भाग आहे की घरी करता येत नाही. 2020-21 मध्ये तिकडे प्रायमर दुकानांतून गायब झाले होते आणि प्रेस असलेली माणसं हात बांधून बसली होती.

ओहायो-दापोली

मी मूळ दापोलीचा, सध्या ओहायोत, आणि अजून भरतो. धागाकर्त्याशी बऱ्यापैकी सहमत, पण "डोळा हाच उपाय" हे मला पटत नाही. डोळा थकतो. दोनशेव्या काडतुसाला माणूस बघतो पण त्याला दिसत नाही. माझ्या प्रेसला पाच जागा आहेत, त्यातल्या एकीवर पावडर तपासणारी डाय आहे. पातळी कमी-जास्त झाली की वाजते. आणि तबकडी आपोआप फिरते, त्यामुळे एकच खोळ दोनदा पावडरीखाली राहायची शक्यता जवळजवळ नाही. डिलन कंपनीची 550 हाताने फिरवायची, 650 आणि नंतरची 750 आपोआप फिरणारी. नवशिक्याने आपोआप फिरणारीच घ्यावी असं माझं मत.

सुरूची बाग

@ओहायो-दापोली, माझं मत उलट आहे. हाताने फिरवायच्या प्रेसवर माणसाला कळत असतं की आता खोळ पुढे सरकवायची आहे. धोका तिथेही आहे: मध्येच कोणी हाक मारली, हात थांबला, परत आल्यावर फिरवलं की नाही आठवत नाही. पण आपोआप फिरणाऱ्या प्रेसवर काही अडकलं की एकाच वेळी पाच जागी काहीतरी अर्धवट झालेलं असतं. प्रायमर उलटा बसला, हँडल अर्ध्यावर अडलं, जोर लावून मागेपुढे केलं, आणि त्या झटापटीत पावडरीचा माप दुसऱ्यांदा पडू शकतो. वाजणारी डाय त्याच्या पुढच्या जागेवर आहे म्हणून ती पकडेल, मान्य. पण ती नीट जुळवलेली असेल तर, आणि तिच्यावर भिस्त ठेवून डोकावणं सोडलेलं नसेल तर. मी म्हणेन डाय लावा आणि बघाही.

अडकलं तर माझा नियम एकच होता. तबकडीवरच्या सगळ्या खोळी काढायच्या, त्यांतली पावडर डब्यात परत ओतायची, आणि रिकाम्या तबकडीवर पहिल्यापासून सुरुवात. चार-पाच खोळींचा वेळ जातो, जाऊ दे.

ओहायो-दापोली

तबकडी रिकामी करायच्या नियमाला माझा दुजोरा. बाकी आपलं जुळणार नाही. :) आणखी एक भर घालतो. नव्याने शिकणाऱ्याने प्रोग्रेसिव्हवरसुद्धा सुरुवातीला एकावेळी एकच खोळ तबकडीवर ठेवून पूर्ण फेरी करावी. प्रत्येक जागी काय होतंय ते हाताला कळतं. प्रायमर बसताना हँडलला जी मऊ दाब लागते, ती ओळखता आली पाहिजे. ती लागली नाही तर प्रायमर नाही, जास्त लागली तर आडवा.

आणि प्रायमरच्या नळीबद्दल कोणी लिहिलं नाही. प्रेसवर शंभर प्रायमर एका उभ्या नळीत एकावर एक असतात. एक फुटला तर सगळे. म्हणूनच त्या नळीभोवती पोलादी नळी असते. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय प्रेसला हात लावू नका.

मालवणी झील

आमच्या आज्याकडे ठासणीची होती. आजो बार भरूक बसलो की आम्ही पोरांनी तोंडातसून शब्द काढूचो नाय. गजावर सुरयेन दोन खुणो केलेल्यो. नळी रिकामी आसताना गज आत सोडलो की वरची खूण तोंडाक येय, आणि बार भरलेलो आसलो की खालची. भरूच्या आधी गज घालून बघूचो, भरल्यावर परत बघूचो. आज्याचा म्हणणा, आदल्या रातचो बार आत रवलेलो आसलो आणि त्यावर दुसरो भरलो तर डुकर नाय, आपण मरतलो.

तुमी लिवलास ता वाचून ताच आठवला.

सुरूची बाग

@मालवणी झील, आजोबांची पद्धत लाख मोलाची. तिकडे काळ्या दारूच्या जुन्या बंदुका चालवणारे लोक अगदी हेच करतात, गजावर खूण करूनच. दुहेरी बार हा धोका ठासणीच्या बंदुकीपासून आजच्या प्रेसपर्यंत तोच आहे.

तुमच्या निमित्ताने एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण कोकणात अजून ठासणीच्या बंदुका आहेत. काडतूस उघडून त्यातली पावडर ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नका. काडतुसातली पावडर धूरविरहित असते. काळी दारू आणि ती दिसायला थोडीफार सारखी, पण तेवढ्याच मापाला दाब कितीतरी पट करते. ठासणीची जुनी नळी त्या दाबासाठी बनलेलीच नाही. ती चेहऱ्याजवळ फुटते.

कोर्टाची पायरी

रत्नागिरीत वकिली करतो. धागाकर्त्याने जागा मोकळी ठेवली आहे ती भरतो.

शस्त्र अधिनियम 1959. कलम 3 खाली शस्त्र आणि दारूगोळा बाळगायचा परवाना. शेतीसंरक्षणाचा परवाना तो हाच. कलम 5 वेगळं: दारूगोळा तयार करणं, विकणं, दुरुस्ती वगैरेसाठी वेगळा परवाना. पहिला आहे म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. बंदूक बाळगायला परवानगी आहे म्हणजे काडतूस बनवायला आहे, हा गैरसमज मी अशिलांच्या तोंडून नेहमी ऐकतो.

आता बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. कलम 2 मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या आहे. तीत फक्त भरलेलं काडतूस येत नाही. दारूगोळ्याचे सुटे भाग येतात, आणि दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे ज्या प्रेसबद्दल इथे चर्चा चाललीय, ती कायद्याच्या नजरेत लोखंडी अवजार नाही, दारूगोळा आहे. अमेरिकेतल्या पुतण्याने सुटी करून बॅगेतून आणली तरी. कुरिअरने मागवली तरी.

शिक्षेचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 5 मोडून दारूगोळा बनवण्याला किमान 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. पावसाळ्यात डुकरं हाकलायला काढलेल्या युक्तीसाठी ही किंमत मोजायची का, ज्याने त्याने ठरवावं.

देवगड हापूस

यंत्रसामग्रीचं माहीत नव्हतं. बरं झालं विचारलं. मग काडतूस मिळत नसेल तर शेतकऱ्याने करायचं काय?

कोर्टाची पायरी

@देवगड हापूस, परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते. कमी पडत असतील तर ती वाढवून मिळावी म्हणून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज. सोबत पीक नुकसानीचे पंचनामे जोडा. तोंडी रडून काही होत नाही, कागद लागतो. अर्ज चार-पाच शेतकऱ्यांनी एकत्र, प्रत्येकाने आपापला, एकाच दिवशी दिला तर दखल लवकर घेतली जाते हा माझा अनुभव.

खडकी ते गुहागर

मी दारूगोळा कारखान्यात आयुष्य काढलं, आता गुहागरला असतो. खडकीचा कारखाना 1869 चा. तिथल्या प्रत्येक इमारतीच्या दारावर पाटी असते: आत माणसं जास्तीत जास्त किती, स्फोटक माल जास्तीत जास्त किती. पाटीवर लिहिलंय त्याहून एक माणूस जास्त असेल तर साहेबसुद्धा बाहेर थांबतो. काडीपेटी गेटवर काढून घेतात. ठिणगी न पडणारी अवजारं, अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवायची सोय, सुती कपडे. एवढं करून, शेवटी प्रत्येक लॉट तपासून मगच माल बाहेर जातो.

वरचं सगळं वाचून मला भीती वाटली ती वेगळ्या कारणाने. घरात माणूस भरतो तेव्हा भरणाराही तोच आणि तपासणारा पण तोच. कारखान्यात आम्ही हे कधीच होऊ दिलं नाही. ज्याने भरलं त्याने पास करायचं नाही.

सुरूची बाग

@खडकी ते गुहागर, काका, हा मुद्दा मी असा कधी मांडला नव्हता. तिकडे काही क्लबांत दोघं मिळून भरतात, पण बहुतेक जण एकटेच. मी निदान वेळ वेगळी ठेवायचो. भरल्या दिवशी तपासायचं नाही. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी प्रत्येक काडतूस गेजमध्ये (काडतुसाचं माप तपासायच्या साच्यात) घालून बघायचं. गेज नसेल तर पिस्तुलाची नळी काढून घ्यायची, काडतूस तिच्या मागच्या तोंडात सोडायचं. बरोबर असेल तर ते आपल्या वजनाने 'टक' करून बसतं आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडतं. बोटाने ढकलावं लागलं तर बाजूला. बुडावर बोट फिरवायचं, प्रायमर किंचित आत लागला पाहिजे, वर आलेला नको. अर्थात यात पावडरीची तपासणी होत नाही, ती भरतानाच. तुमचं म्हणणं तिथे लागू पडतंच.

दहा मीटर

मी एअर पिस्तूल खेळते, सिंधुदुर्गात. पुढे 25 मीटर करायचंय. आमच्यात छर्रे निवडायची पद्धत आहे, वजन करून आणि डोक्याचं माप बघून. 25 मीटरला गेल्यावर हे भरणं वगैरे शिकावं लागतं का?

सुरूची बाग

@दहा मीटर, अजिबात नाही. महिलांची 25 मीटर पिस्तूल .22 वर खेळतात. राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण मिळवलं तेही याच प्रकारात. .22 रिमफायर आहे: त्यात वेगळा प्रायमर नसतो, ठिणगी पाडणारा मसाला खोळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो. पिन कडेवर आपटते आणि कड चेपली जाते. त्यामुळे ती खोळ एकदाच. तिथे खेळाडू वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या पिस्तुलातून मारून बघतात आणि जुळेल तो लॉट घेतात. तुमची छर्रे निवडायची सवय तिकडे उपयोगी पडेल.

पण एक शिकून घ्या. आवाज नेहमीपेक्षा मंद आला, हाताला धक्का कमी लागला, की पुढचा बार मारायचा नाही. पिस्तूल निशाण्याकडे ठेवूनच थांबायचं, रेंज ऑफिसरला हात करायचा, रिकामं करून नळीत गज घालून बघायचं. फुसका बार कारखान्याच्या काडतुसातही क्वचित निघतो. वेळेच्या सामन्यात बोट आपोआप पुढचा बार मारतं, म्हणून हे सरावातच अंगात भिनवावं लागतं.

आणि रेंजवरून आल्यावर हात-तोंड साबणाने धुवा, मगच खा. प्रायमरच्या धुरात शिसं असतं. खोळी घासणाऱ्या यंत्राच्या धुळीत तर भरपूर. तिकडे मी ते यंत्र घराबाहेर ठेवायचो आणि तिथे मुलांना फिरकू द्यायचो नाही.

दहा मीटर

धन्यवाद. फुसक्या बाराचं सरांनाही दाखवते.

मालवणी झील

माका एक इचारूचा आसा. आजो गेल्यावर ट्रंकेत कागदी काडतुसा गावली. पावसान फुगलीहत. बुडाची पितळ हिरवी झालीहा. बंदूक तेवाच जमा केली होती, ही रवली. इहिरीत टाकू काय?

कोर्टाची पायरी

@मालवणी झील, विहिरीत नको, खाडीतही नको. परवानाधारक वारला की त्याचा दारूगोळा बाळगायचा अधिकार घरच्यांना राहत नाही. कलम 21 प्रमाणे तो पोलीस ठाण्यात जमा करायचा असतो. स्वतःहून कळवा, बंदूक जमा केल्याच्या पावतीची प्रत आणि मृत्यूचा दाखला सोबत ठेवा. एका साध्या कागदावर काडतुसांची संख्या लिहून, शिक्का मारून पोच घ्या.

खडकी ते गुहागर

घेऊन जाऊ नका, आधी ठाण्याला फोन करा. फुगलेलं काडतूस उघडायचं नाही, दाबायचं नाही, हिरवी पितळ घासायची नाही, उन्हात वाळत तर अजिबात घालायची नाही. चुलीपासून लांब, आहेत तिथेच राहू देत. ट्रंकेला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. ते येऊन नेतील किंवा कसं आणायचं ते सांगतील.

मालवणी झील

उद्या सकाळीच फोन करतंय. काय जाला ता हयच लिवतलंय.